आव्याचा जाळ कुणालाच दिसेना

कॉम्प्युटरवर काढलेल्या एका चित्रात पेटलेला आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, बघणाऱ्यांना का दिसत नव्हती, त्याची ही गोष्ट. ज्या मुलीचं हे प्रकरण आहे तिला विचारून लिहितोय. तिचं नाव आणि काम देणाऱ्यांचं नाव गाळलंय. रंगांचे आकडे मात्र तिच्याच फाइलमधले आहेत.

पार्श्वभूमी

बेळगावात टिळकवाडीतल्या एका खोलीत मी ड्रॉइंगचे वर्ग घेतो. त्याआधी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, छापखान्यांसाठी कॅलेंडरं केली. कॉम्प्युटरवर चित्र काढायला मी उशिरा शिकलो, आणि खरं सांगायचं तर निम्मं माझ्या विद्यार्थ्यांकडूनच शिकलो.

ती बेळगावातल्याच वडगावची. घरात माग आहेत. वडील आणि काका साड्या विणतात. दिवसभर खटखट चालू असते, त्यामुळे ती कानात इअरफोन घालून माळ्यावर बसून काम करते. चित्रकलेचा डिप्लोमा झालेला, हात चांगला, विशेषतः रंगाची जाण चांगली. साधनं बेताची: सेकंडहँड लॅपटॉप, स्वस्तातला पेन टॅबलेट आणि क्रिता हा चित्र काढायचा प्रोग्रॅम, कारण तो फुकट मिळतो.

पावसाळा सरता सरता पुण्यातल्या एका छोट्या गेम बनवणाऱ्या टीमनं तिला चाचणीचं काम दिलं. एकच चित्र. जंगलाच्या कडेला कुंभाराचा बांधीव आवा, तिन्हीसांजेची वेळ, पाऊस नुकताच उघडलेला. बघणाऱ्याची नजर आधी आव्याच्या तोंडाकडे, मग तिथं उभ्या कुंभाराकडे आणि शेवटी जंगलात शिरणाऱ्या पायवाटेकडे जायला हवी, अशी लेखी अट होती. मुदत दहा दिवसांची.

तिनं खानापूर गाठलं. बेळगावपासून पंचवीस-सव्वीस किलोमीटर, एसटी मिळाली की तासाभराचा प्रवास. लाल माती, कौलं, मातीची भांडी, आणि पुढं जांबोटीकडे गेलं की दाट होत जाणारं रान. या चित्राला लागणारं सगळं तिथं आहे. दिवसभर हिंडून तिनं मोबाइलवर साठेक फोटो काढले. परतीच्या गाडीची वाट बघत वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं एक छोटं टिपण काढलं आणि विसरून गेली. त्या टिपणाबद्दल पुढं लिहितो.

अडचण

पहिल्या मसुद्यावर उत्तर आलं: "रंग सुंदर आहेत, पण आवा पेटलेला वाटत नाही."

तिनं जाळाचा रंग वाढवला. पुन्हा उत्तर: "जाळ अजून उठून दिसू दे." तिनं अजून लाल केला. तिसऱ्या वेळी समोरच्या माणसानं चित्र मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढं करून स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, "आवा कुठं आहे?" खरंच, त्या नखाएवढ्या चित्रात एक तपकिरी-हिरवा चिखल होता, दुसरं काही नाही.

मुदतीचे तीन दिवस उरलेले असताना ती माझ्याकडे आली. "सर, मी रंग अजून लाल केलो, तरी त्यांना दिसतच नाही म्हणतात." लॅपटॉप उघडला तर फाइलमध्ये एकेचाळीस लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर.

मी नेहमीचं सांगितलं: रंग काढून टाक, कृष्णधवल करून बघू. व्हॅल्यू म्हणजे रंग कोणताही असो, तो किती उजळ आणि किती गडद आहे, एवढीच गोष्ट. चित्र लांबून, लहान आकारात किंवा घाईत बघताना डोळा आधी ही उजेड-अंधाराची मांडणी पकडतो. लाल की हिरवा हे त्यानंतर.

तिनं रंग काढून टाकणारा डीसॅच्युरेट फिल्टर लावला. आणि इथं आम्ही दोघंही फसलो. राखाडी चित्रात आव्याची तापलेली भिंत मागच्या झाडीपेक्षा स्वच्छ उजळ दिसत होती. "बघा की सर, व्हॅल्यू तर बरोबर आहे," ती म्हणाली. मीही मान हलवली. दोष चित्राच्या मांडणीत असेल असं म्हणून पाऊण तास आम्ही कुंभाराला डावीकडून उजवीकडे हलवत बसलो.

शेवटी मी माझ्या मोबाइलनं तिच्या रंगीत स्क्रीनचा काळा-पांढरा फोटो काढला. त्यात भिंत झाडीपेक्षा काळी आली. एकच चित्र, दोन यंत्रं आणि दोन उलट उत्तरं. मग फिल्टरची खिडकी नीट वाचली. क्रितात रंग काढायच्या अनेक रीती आहेत. तिथं लाइटनेस निवडलेलं होतं.

फरक मोठा आहे. कॉम्प्युटरवर प्रत्येक रंग लाल, हिरवा, निळा या क्रमानं ० ते २५५ मधल्या तीन आकड्यांनी लिहितात. लाइटनेसची रीत रंगातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा घेऊन त्यांची सरासरी काढते. डोळ्याला काय वाटतं याच्याशी तिचा संबंध नाही. या रीतीनं शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा एकाच राखाडीत येतात, जे कुठल्याही माणसाला पटणार नाही. ल्युमिनॉसिटीची रीत डोळ्याच्या संवेदनेला धरून चालते: हिरव्याला सुमारे ७२ टक्के वजन, लालला २१, निळ्याला जेमतेम ७. तिच्या भिंतीचा लाल होता २२०, ३०, २० आणि झाडीचा हिरवा ६०, ११०, ५०. लाइटनेसनं भिंत १२० आणि झाडी ८०. ल्युमिनॉसिटीनं भिंत ७० आणि झाडी ९५. जळता आवा झाडीपेक्षाही काळा!

तिच्या जुन्या फाइली उघडल्यावर आणखी एक गोष्ट कळली. पहिल्या मसुद्यात तीच भिंत २००, १०५, ७० होती, म्हणजे ल्युमिनॉसिटीनं १२३. झाडीपेक्षा अठ्ठावीसनं उजळ, जेमतेम पण बरोबर बाजूला. दर फेरीला रंग वाढवताना ती हिरव्याचा आकडा कमी करत गेली, आणि नेमका तोच आकडा उजेड धरून ठेवत होता. जाळ जितका लाल होत गेला तितका विझत गेला.

मूळ चूक त्याच्याही आधी झाली होती. फोटो. हल्लीचे मोबाइल अंधारा कोपरा आपणहून उजळतात आणि आभाळ आपणहून दाबतात. तिच्या फोटोंत आव्याच्या छपराखालची लाकडं मोजता येत होती आणि त्याच वेळी ढगांच्या कडाही दिसत होत्या. प्रत्यक्ष तिथं उभं राहिलं तर दोन्ही एकदम दिसत नाही. तिनं फोटो इमानदारीनं रंगवला आणि सगळं चित्र मधल्या पट्टीत अडकलं.

"वहीत काही काढलंस का तिथं?" मी विचारलं. तिला आठवेना. वही काढली, शेवटचं पान उघडलं. काडेपेटीएवढं टिपण. छप्पर आणि त्याखालचा सगळा भाग अंगठ्यानं घासून काळाकुट्ट केलेला, मधे आव्याचं तोंड कोरा कागद सोडून ठेवलेलं, वर धुराचा पुसट पट्टा. दोन मिनिटांचं काम असेल. चार हात लांब धरलं तरी जाळ दिसत होता.

समोरचे पर्याय

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आव्याच्या तोंडावर कलर डॉज, म्हणजे खालचा रंग उजळवणाऱ्या मोडचा एक लेयर टाकून झगमगाट करायचा. अर्ध्या तासाचं काम. पण झाडी, छप्पर, माती सगळंच मधल्या राखाडीत असताना त्यावर एक दिवा लावला तर दिवा दिसतो, जागा दिसत नाही. कर्व्हज हे उजेड-अंधार कमी-जास्त करायचं साधन वापरून सगळ्या चित्राचा कॉन्ट्रास्ट वाढवून बघितला, तर छप्पर आणि झाडी बरोबरीनं काळी झाली.

उरले दोन मार्ग. एक, नव्यानं पूर्ण ग्रेस्केल, म्हणजे फक्त राखाडी छटांचं चित्र करायचं आणि त्यावर कलर, ओव्हरले अशा, खालच्या चित्रात रंग मिसळणाऱ्या मोडचे लेयर टाकून रंग चढवायचा. दुसरा, ग्रेस्केलमध्ये फक्त छोटे अभ्यास करायचे, त्यातला एक नकाशा म्हणून बाजूला ठेवायचा आणि चित्र थेट रंगातच रंगवायचं.

तिला दुसरा मार्ग हवा होता. मी पहिल्याचा आग्रह धरला. कारण सांगायला लाज वाटते: पहिला मला शिकवायला सोपा जातो. पायऱ्या ठरलेल्या असतात.

मुदत वाढवून मागायची की नाही यावरही बोलणं झालं. चाचणीच्या कामात वेळ मागितला तर काम जाईल, असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, तीन फेऱ्यांनंतरही तेच चित्र पाठवलंस तर नक्की जाईल. तिनं फोन केला, कारण स्पष्ट सांगितलं, दोन दिवस वाढवून मिळाले. समोरच्या माणसानं एकच प्रश्न विचारला, "आधी छोटे स्केच पाठवाल का?" हा प्रश्न खरं तर पहिल्या दिवशी आपणच त्यांना विचारायला हवा होता.

काय केलं

पहिल्या संध्याकाळी फक्त थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची चित्रं. ४०० पिक्सेल रुंद कॅनव्हास, एक कडक गोल ब्रश, पेनच्या दाबानं पारदर्शकता बदलणं बंद, आणि तीनच राखाडी: गडद, मधली, उजळ. दाबाची सोय चालू ठेवली तर हात आपोआप मधल्या छटा काढतो आणि निर्णय टळतो. तीनच छटा असल्या की प्रत्येक आकाराला कुठल्या तरी एका गटात टाकावंच लागतं. झाडी गडद की मधली? ओली वाट आभाळाबरोबर की मातीबरोबर?

दोन तासांत नऊ झाली. पहिली चार फोटोंसारखीच, सगळीकडे थोडं थोडं. पाचव्यात सगळं काळं आणि मधे एक पांढरा ठिपका. नजर बरोबर जात होती, पण जंगल आणि छप्पर एक होऊन गुहा वाटत होती. सहाव्यातही छपराची कड मागच्या रानात विरघळत होती, आणि ती तिथंच अडकली. ही सगळी माळ्यावरची गोष्ट, मला तिनं दुसऱ्या दिवशी सांगितली.

वडील चहा घेऊन वर आले होते. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "काठ अंगात गेलाय की गं."

साडीच्या गडद हिरव्या अंगाला गडद लाल काठ असला तर जवळून तो उठून दिसतो, पण चार पावलं मागं गेलं की अंगात मिसळतो. म्हणून मधे जरीची बारीक रेघ धरतात. रंग काय का असेना, रेघ उजळ पाहिजे. त्यांनी बोटानं छपराच्या कडेवरून एक रेघ ओढून दाखवली आणि खाली गेले. सातव्या थंबनेलमध्ये तिनं छप्पर आणि रान यांच्यामधून आव्याचा धूर आडवा सोडला. पावसानंतरच्या जड हवेत धूर तसाच पसरतो, त्यामुळे ते ओढूनताणून केलेलंही वाटलं नाही. छप्पर सुटलं. आणि तो धूर तिच्या वहीतल्या टिपणात आधीपासून होताच!

सातवं पक्कं करून सात छटांचा थोडा मोठा अभ्यास केला. ० म्हणजे काळा आणि १० म्हणजे पांढरा अशी मनसेल या रंगपद्धतीतली उजेडाची पट्टी धरली. छप्पर आणि त्याखालचा अंधार २, रान ४, ओली वाट ५, आभाळ ७, धूर ८, आव्याचं तोंड ९. कुंभार तोंडासमोर उभा, १. त्याच्या अंगावर एकही तपशील नाही. छपराखालची लाकडं, मडक्यांची उतरंड, सगळं १ ते ३ च्या आत कोंबायचं, उजळू द्यायचं नाही. हे तिला जड गेलं. तिनं मेहनतीनं काढलेली उतरंड दिसेनाशी होत होती.

मग माझ्या आग्रहाचा मार्ग. ग्रेस्केल पूर्ण केलं, त्यावर कलर मोडचा लेयर, त्यावर ओव्हरले. सहा तास गेले. निकाल बघून दोघंही गप्प. पूर्वी फोटो स्टुडिओत कृष्णधवल फोटोवर हातानं रंग चढवत, गालावर गुलाबी, साडीवर निळा, तसं दिसत होतं. व्हॅल्यू सगळ्या बरोबर, पण रंग वरून शिंपडलेले. उजेडातली माती आणि सावलीतली माती एकाच लालाची, फक्त कमी-जास्त. खऱ्या संध्याकाळी सावलीत आभाळाचा निळसरपणा शिरतो आणि जाळाजवळची माती पिवळ्याकडे झुकते. कलर मोड हे आपणहून करत नाही. प्रत्येक जागी वेगळा रंग द्यायचा तर मग थेट रंगवायला काय हरकत?

तिनं तेच केलं. मला विचारलंही नाही, हे बरं झालं. राखाडी अभ्यास एका कोपऱ्यात उघडा ठेवला आणि नव्या लेयरवर अपारदर्शक रंगात सुरुवात केली. सगळ्यात वर डीसॅच्युरेटचा फिल्टर लेयर, या वेळी ल्युमिनॉसिटीवर, आणि त्याचं नाव ठेवलं "चष्मा". पंधरा-वीस मिनिटांनी चष्मा लावायचा, अभ्यासाशी ताडायचं, काढायचा. सतत लावून ठेवला तर रंगाचा निर्णयच होत नाही.

व्हॅल्यू आधी ठरल्यामुळे रंगाचे काही प्रश्न आपोआप सुटले. आव्याचं तोंड ९ असेल तर ते लाल असूच शकत नाही. शुद्ध, भडक लाल मुळातच गडद असतो. म्हणून गाभ्यात फिकट पिवळा, २५५, २२५, १४०, ल्युमिनॉसिटीनं २२५. त्याच्या कडेला केशरी, आणि लाल फक्त भिंतीवर जिथं उजेड मरतो तिथं. तीन फेऱ्या ज्या लालसाठी घालवल्या तो शेवटी बोटभर जागेत उरला.

एक बारीक गोष्ट. तिच्या लॅपटॉपचा पडदा थोडा मागं कलवला की गडद भाग राखाडी होतात, पुढं घेतला की काळे. म्हणजे सकाळी बरोबर वाटलेली २ संध्याकाळी ३ दिसायची. तिनं बिजागरीच्या बाजूला आईची एक टिकली चिकटवली आणि पडद्याची कड रोज त्या टिकलीला टेकवूनच बसायचं ठरवलं.

निकाल

चित्र वाढीव मुदतीच्या आदल्या रात्री गेलं. उत्तरात एकच बदल होता: कुंभार थोडा मोठा करा. पाठोपाठ आणखी चार चित्रांचं काम आलं. पहिल्या, फसलेल्या चित्राला तिला एकोणीस तास लागले होते. हे, वाया गेलेले सहा तास सोडून, अकरा तासांत झालं.

पण पुढच्या चारपैकी दुसऱ्या चित्रात घोळ झाला. विषय होता ढगाळ दुपारचा बाजार. तिनं पुन्हा पुढं काळी कौलं, मधे उजळ धुराचा पट्टा, मागं मधली झाडी अशीच मांडणी केली. ढगाळ दुपारी सावल्या पसरट आणि मऊ असतात, व्हॅल्यू एकमेकांच्या जवळ असतात, सगळी गंमत त्या जवळिकीत असते. तिथं तिनं आव्याचा साचा बसवला. समोरून शेरा आला की दोन्ही चित्रं एकाच संध्याकाळची वाटतात. तो शेरा रास्त होता.

पुन्हा करायचं झालं तर

माझ्या दोन चुका सरळ आहेत. रंग कुठल्या रीतीनं काढला हे न विचारता राखाडीवर विश्वास ठेवला. आता वर्गात मी पहिल्याच दिवशी शुद्ध लाल, पिवळा, हिरवा, निळा असे चार चौकोन काढायला लावतो आणि दोन्ही रीतींनी राखाडी करून शेजारी ठेवतो. दुसरी चूक आग्रहाची. ग्रेस्केलवर रंग चढवणं हा काही चुकीचा मार्ग नाही. यंत्रं, चिलखतं, एकाच पदार्थाच्या वस्तू यांना तो छान चालतो. दोन रंगांच्या उजेडातल्या संध्याकाळीला तो सोयीचा नव्हता, आणि ते मला कळायला हवं होतं.

तिच्या बाजूनं बदलण्यासारखं एकच: जागेवर आधी वही, मग मोबाइल. हे काही नवं ज्ञान नाही. बेळगाव हे चित्रकार के. बी. कुलकर्णींचं गाव, चित्रकार रवी परांजपे त्यांच्याकडे शिकले. पेन्सिलीच्या टोनवर इथं पिढ्या घडल्या. मी मुलांना किल्ल्यातल्या कमल बस्तीत बसवतो ते त्यासाठीच. तेराव्या शतकातलं काळ्या दगडाचं देऊळ, सगळा दगड एकाच रंगाचा. छतावरचं कमळ काढायला बसलं की रंगाची पळवाटच नसते, फक्त उजेड कुठं संपतो ते बघायचं. ती तिथं तीन वेळा बसली होती. आणि तरी कॉम्प्युटरसमोर बसल्यावर ते विसरली, मीही तिला आठवण केली नाही. स्क्रीनवर रंगांचं चाक समोरच असतं, पेन्सिलीच्या डब्यात ते नसतं.

मुदत वाढवून मागण्याचा निर्णय मात्र मी पुन्हाही तसाच घेईन, फक्त एक आठवडा आधी.

गेल्या आठवड्यात ती गोकाकच्या धबधब्यावर जाऊन आली. नव्या चित्रात पुराचं पाणी हवं आहे. फोन आला तेव्हा मागं पाण्याचा आवाज एवढा होता की ती ओरडून बोलत होती. "सर, हे पांढरं नाहीच ओ! सगळं गढूळ. वहीत आभाळापेक्षा पाणी काळं केलो. चालतंय ना?"

मी विचारलं, "मोबाइल कुठाय?"

"पिशवीत हाय. त्यावरनंच बोलायलोय की... म्हणजे, फोटो अजून काढलो नाही."